मागची पंगत : एक प्रस्तावना

मराठी घरांत दिवसाचा आरंभ आणि शेवट ज्या बोलण्याने होतो, ते बहुतांशी अन्नाविषयीचे असते. सकाळी डब्याला भाजी कोणती, दुपारचे ताक उरले आहे की नाही, रात्री भात लावायचा की नुसत्या पोळ्यांवर भागवायचे, लग्नघरून परतलेल्या मंडळींनी मठ्ठ्याच्या पातळपणाविषयी दिलेला निकाल, परगावी नोकरीस लागलेल्या मुलाने खाणावळीच्या आमटीविषयी घरी कळविलेली तक्रार, आणि दारात आलेल्या माणसाला 'आता जेवूनच जा' असे सांगताना गृहिणीने मनातल्या मनात घेतलेला पिठाच्या डब्याचा अंदाज, हे सारे आपण इतक्या सहजपणे बोलून जातो की, ते टिपून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. प्रस्तुत संग्रहात घरचा स्वयंपाक, बाहेरचे खाणे आणि पाहुणचार या तीन बाबींविषयी देश, कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि गोमंतक येथील माणसांनी आपापल्या बोलीत सांगितलेला मजकूर एकत्र केला आहे. तो वाचकांच्या हाती देण्यापूर्वी या बोलण्याच्या पाठीशी उभा असलेला इतिहास थोड्या विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

अन्नाविषयी लिहिण्याची परंपरा आपल्याकडे अर्वाचीन नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर या राजाने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिले. आणि तंजावरच्या भोसले राजांच्या मुदपाकखान्यातील पाकक्रिया दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या दरबारी मराठीत लिहून ठेविल्या गेल्या. छापखाने आल्यावर 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले, 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' निघाले, आणि 1970 साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानून, ज्यांना शिकवायला घरात वडीलधारे कोणी नाही अशा सहस्रावधी नवख्या हातांना स्वयंपाक शिकविला. दप्तरखान्यांतही या विषयाचा तपशील सापडतो. सवाई माधवरावांच्या लग्नाच्या बंदोबस्ताची याद ज्यांनी वाचली असेल त्यांना, पाहुण्यांचे स्वागत, उतारा, भोजन आणि मानपान ही पेशवाईत राज्यकारभाराचीच एक बाब कशी मानली जात होती, हे निराळे सांगावयास नको. या सर्व लेखनाचे ऋण मोठे आहे. तथापि पदार्थ कसा करावा आणि कोणाचा मान कसा राखावा एवढे सांगून ते लेखन थांबते; पानावर कोणाला बसू दिले, कोणाला दिले नाही, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कोणी खाल्ले, या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळत नाहीत. माझ्या मते मराठी आतिथ्याचा खरा हिशेब या तीन प्रश्नांतच दडलेला आहे, आणि तो चुलीच्या बाजूने मांडल्याशिवाय पुरा होत नाही.

पंगतीचे वैभव मी कमी लेखीत नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना तिच्यातील शिस्तीचे सौंदर्य विसरता येणार नाही. पाटांच्या सरळ रांगा, पानाभोवती रांगोळीची महिरप, मध्ये उदबत्त्यांचा दरवळ. केळीच्या पानावर वरच्या बाजूला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर आणि पंचामृत, उजवीकडे बटाट्याची भाजी आणि अळूचे फदफदे, आणि पुढे भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि त्यावर तुपाची धार. तूप वाढून झाल्याखेरीज पानाला हात लावावयाचा नाही, श्लोक म्हटल्याखेरीज घास घ्यावयाचा नाही, आणि यजमानाने हात जोडून 'सावकाश होऊ द्या' असे म्हटल्यावर मग पहिला भात, नंतर मसालेभात, नंतर पुरी किंवा पोळी, जिलेबीचा आग्रह, आणि अखेरीस मठ्ठ्याबरोबर शेवटचा भात, असा हा क्रम. वाढणाऱ्याने पंक्तीच्या टोकाशी नजर ठेवून कोणाचे पान रिकामे होत आहे हे जेवणाऱ्याच्या आधी ओळखावयाचे, आणि जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणत असतानाच अर्धी जिलेबी पडू द्यावयाची, या आग्रहात एक निर्मळ प्रेम होते. खाणाऱ्याच्या तृप्तीत आपली कृतार्थता पाहणारी ही वृत्ती मराठी संस्कृतीचा मोलाचा ठेवा आहे, असे मी मानतो.

परंतु ज्या रांगोळीने पानाची शोभा वाढविली, तिच्याच जवळून एक न दिसणारी रेघही ओढलेली असे, आणि ती रेघ ओलांडून बसण्याची मुभा फार थोड्यांना होती. एकनाथ महाराजांनी पैठण येथे श्राद्धाचे अन्न प्रथम अस्पृश्यांना वाढले आणि गावातील ब्रह्मवृंदाने त्यांच्या घरी जेवण्यास नकार दिला, ही आख्यायिका आपण शतकानुशतके गौरवाने सांगत आलो. पण ती गौरवाची वाटावी इतके ते कृत्य दुर्मिळ होते, हे मात्र क्वचितच बोललो. 1890 साली पुण्यात गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना बोलाविले, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि पुढे हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून येताच केवढे मोठे ग्रामण्य उभे राहिले! टिळक, रानडे, गोखले यांच्यासारख्यांची नावे त्या यादीत होती. शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. कपभर चहाने एवढा समाज हादरावा, यावरूनच कोणाच्या हातचे प्यावे आणि कोणाच्या शेजारी बसून प्यावे या प्रश्नावर आपली सारी समाजरचना कशी तोललेली होती, हे ध्यानात येते.

या इतिहासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग कोल्हापूरचा आहे. गंगाराम कांबळे या दलित तरुणाला पाणी शिवल्याच्या आरोपावरून मारहाण झाली, तेव्हा शाहू छत्रपतींनी त्याला नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास साह्य केले, आणि त्याने भर वस्तीत चहाचे दुकान थाटले. गिऱ्हाईक कोठून येणार? तेव्हा छत्रपतींनी आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून तेथला चहा मागवून घ्यावा, बरोबरच्या मंडळींनाही पाजावा, आणि ज्यांना कागदावर महाराजांची सही हवी असेल त्यांनाही त्या चहाच्या वाटेने यावे लागावे, असा शिरस्ता पाडला म्हणतात. राजाज्ञेने सक्ती करण्याचा अधिकार असलेल्या पुरुषाने एका गरीब दुकानदाराचे गिऱ्हाईक होण्याचा मार्ग पत्करला, याचे महत्त्व मला फार वाटते. पुढे समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली, तीही याच जाणिवेतून. आणि 26 जानेवारी 1950 रोजी जी राज्यघटना अमलात आली, तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणास्तव कोणत्याही नागरिकास आडकाठी होता कामा नये, असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचा नामनिर्देश व्हावा, ही गोष्ट सामान्य नाही. हॉटेलाचे दार कायद्याने उघडले. घराचे दार मात्र घरधन्याच्या विवेकावर सोपविलेले राहिले, आणि तो विवेक किती घरांत किती जागा झाला, याची साक्ष या संग्रहातील काही निवेदनांत वाचकांना मिळेल. ती सगळीच सुखावह नाही.

म्हणूनच बाहेरच्या खाण्याकडे जिभेचे चोचले किंवा गृहसंस्कृतीचा ऱ्हास म्हणून पाहण्याची जी चाल आपल्या वडीलधाऱ्यांत होती, ती मला मान्य होत नाही. बाहेरचे खाणेही आरंभी जातिभेदापासून मुक्त नव्हते, हे खरे. पाट्यांवर ब्राह्मणी, मराठा अशी विशेषणे झळकत होती आणि रेल्वेच्या फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळे मिळत होते. परंतु पैसा टाकून बसणाऱ्याला आडनाव विचारण्याची सवय बाजारात फार काळ टिकत नाही. मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांतील संगमरवरी मेजांशी गिरणीतला जॉबर, कचेरीतला कारकून आणि शाहिरीचे बाड काखेत घेतलेला कलावंत एकाच वेळी ब्रून-मस्का चहात बुडवून खाऊ लागले, तेव्हा कोणीही भाषण न करता एक मोठे अंतर कमी झाले.

गिरणगावातील खाणावळींविषयी थोडे अधिक लिहितो, कारण त्यांच्याइतका जिव्हाळ्याचा आणि त्यांच्याइतका दुर्लक्षित विषय दुसरा नाही. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहत आणि जवळच्या एखाद्या बाईकडे जेवणाचे बांधून घेत. ही बाई बहुधा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे स्टोव्ह पेटवून ती पहिल्या पाळीच्या माणसांचे डबे भरी, आणि दुसरी पाळी सुटेपर्यंत तिचा तवा निवत नसे. तिची वही पाहण्यासारखी असे. शाळेच्या वहीला हाताने रेघा मारून प्रत्येक इसमाचे नाव, त्यापुढे महिन्याचे दिवस, जेवल्याच्या खुणा, न जेवल्याचे खाडे, आणि तळाशी खाडे वजा जाता येणे किती, मिळाले किती, उरले किती. घरातल्या स्त्रीच्या श्रमाची अशी कीर्द महाराष्ट्रात यापूर्वी क्वचितच कोणी लिहिली असेल. आणि तीच भाकरी घरच्या माणसांसाठी थापताना जिचा हिशेब कोणी ठेवला नसता, तिने थापलेल्या भाकरीला येथे प्रथम दर लागला, तो तिने स्वतः लावला. संप झाले की ही वही उधारीने भरून जाई, तरी ताटे बंद होत नसत. किराणा सावकाराच्या पैशावर येई आणि व्याज ती बाई भरी. या स्त्रियांना सावकाराच्या हातून सोडवून बँकांचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात आणखी मोठ्या अक्षरांत लिहिली जावयास हवी. 1982 च्या संपानंतर गिरण्याच मोडल्या आणि त्या वह्यांतील नावेही पांगली.

पुण्याच्या बोर्डिंगांचा, रविवारच्या 'फीस्ट'चा आणि त्या संध्याकाळी बंद असलेल्या खाणावळीमुळे उपाशी हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांचा वृत्तांत पुढे आलाच आहे. तसेच महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास मुंबईत सुरू केलेल्या डबेवाहतुकीचाही, जिच्यामुळे घरचे अन्न कचेरीच्या मेजापर्यंत पोहोचले. त्यांची पुनरुक्ती करीत नाही.

घरच्या स्वयंपाकाविषयी एक गोष्ट मात्र येथेच सांगितली पाहिजे. ज्याला आपण 'अंदाज' म्हणून हलके लेखतो, ते वस्तुतः अतिशय सूक्ष्म निरीक्षणावर उभे असलेले शास्त्र आहे. ज्वारीचे पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी जाते, मग ते कितीही मळले तरी भाकरी थापताना कडेला चिरत जाते. हे बोटांना पहिल्याच मुठीत कळते, आणि मग थंड पाण्याऐवजी कढत पाणी घालून, थोडी उकड काढून, ते पीठ पुन्हा वळणीवर आणले जाते. भाकरी तव्यात पडली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावयाचा, आणि ते पाणी पुरते सुकण्यापूर्वी उलटावयाची. उशीर झाला तर तडे जातात, घाई झाली तर चिकटते. मग विस्तवासमोर उभी केली की पापुद्रा फुगून सुटतो. पुरण आटून पुरे झाले की नाही हे पाहावयाला पातेल्यात डाव उभा करून बघतात. तो न कलता उभा राहिला म्हणजे उतरावयास हरकत नाही. असल्या खुणा सांगणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींनी पाककृतीचे पुस्तक कधी उघडलेही नाही. पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे जाऊन किलोग्रॅम आले, चुली जाऊन गॅस आला, तरी हे ज्ञान बोटांवाटे बोटांत उतरत राहिले. अवेळी पाहुणा आला असता पिठले-भाताचे पान घटकाभरात त्याच्यापुढे येते, त्यामागे हीच तयारी उभी असते. आणि पाहुण्याला ती जाणवू न देणे, हा या विद्येतील अखेरचा आणि सर्वांत कठीण धडा.

अन्नाच्या बोलण्यात दुष्काळाच्या आठवणी येणारच, आणि त्या गाळण्याची सूचना मला काही हितचिंतकांनी केली असली तरी मी ती मानली नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना मिळालेली सुकडी, रेशनवर आलेला तांबडा मिलो, त्याची न वळणारी भाकरी, आणि अशा दिवसांत पाहुणा येऊ नये म्हणून मनोमन केलेली प्रार्थना, आणि तरीही तो आल्यास अर्धी भाकरी त्याच्या ताटात सरकविणारी माणसे, ही या संग्रहाच्या मध्यभागी आहेत. आतिथ्याचे मोल भरल्या कोठीतून कळत नाही.

सुगीच्या दिवसांतील हुरड्याचे प्रकरण मला याच कारणासाठी प्रिय आहे. पौषातल्या थंडीत शेताच्या बांधाशी खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी करावयाची, गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे तिच्या आरात भाजावयाची, आणि गरम कणीस तळहातांत चोळून फुंकर मारून हिरवे दाणे पाहुण्याच्या ओंजळीत टाकावयाचे. बरोबर जवसाची किंवा लसूण-खोबऱ्याची चटणी, गुळाचा खडा आणि ताक. येथे पाट नाहीत, रांगोळी नाही, मानाचे पान नाही. सारे आगटीभोवती गोल बसलेले. भाजणारा आणि चोळणारा सर्वांत शेवटी खातो हे येथेही खरेच, परंतु हा शेवटी खाणारा माणूस बहुधा स्वतः घरधनी असतो, आणि त्याच्या हाताला चटके बसलेले सगळ्यांना दिसत असतात.

घरच्या पंगतीत शेवटी खाणारी दिसत नाही. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, मग वाढणाऱ्यांची, आणि दुपार कलल्यावर स्वयंपाकघराच्या दाराआड स्त्रियांची मागची पंगत. तोपर्यंत अळूची भाजी गार झालेली, जिलेबीच्या तुकड्यांचा चुरा उरलेला, भाताच्या पातेल्याची खरवड निघालेली. रोजच्या घरातही फारसे वेगळे नसे. सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करून आणि शिळी पोळी फोडणी देऊन कोणाच्या वाट्याला येई, हे ज्याने त्याने आपल्या घरात आठवून पाहावे. सोवळ्यात घामाघूम होऊन शंभर पाने वाढणाऱ्या स्त्रीला 'तुम्ही जेवलात का?' असे विचारणारा पाहुणा आमच्या निवेदकांपैकी फारच थोड्यांच्या आठवणीत आहे.

आणि येथेच बाहेरच्या खाण्याचे एक मोठे पुण्य नोंदविले पाहिजे. पूर्वी हॉटेलांत स्त्रियांनी बसणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून पडदे लावलेल्या 'फॅमिली रूम' असत, आणि त्यातही शिरताना संकोच वाटे. आता रविवारी संध्याकाळी दादरच्या किंवा डेक्कनच्या कोणत्याही साध्या उपाहारगृहाबाहेर ताटकळणारी कुटुंबे पाहावीत. सासू, सून, मुले, घरधनी एकाच मेजाशी एकाच वेळी बसतात. थालीपीठ सर्वांच्या पुढे गरम येते. सुनेला काय हवे हे तिला विचारले जाते आणि ती सांगते. 'आठवड्यातून एकदा मला आयते गरम खायला मिळते,' हे वाक्य या संग्रहात अनेक तोंडांनी आलेले आहे, आणि ते सांगणाऱ्या सगळ्याजणी सुगरण म्हणून नावाजलेल्या आहेत. त्यांच्या हाताला घरी चव आहे, परंतु ती चव गरम असताना चाखण्याची सवड नाही. हॉटेलातल्या अन्नाला घरची सर नाही असे म्हणणाऱ्यांनी, त्या घरच्या अन्नाची सर कोणाला किती वेळा ऊनऊन मिळाली, हेही त्याच दमात सांगावे, एवढी माझी मागणी आहे. अलीकडे पुष्कळ तरुण घरांत सगळे एकदमच पाने घेतात, पोळ्या आधी करून डब्यात ठेवतात, ज्याचे त्याने वाढून घेतात. पाहुणा आला तरी हा क्रम मोडत नाहीत. जुन्या मंडळींना यात आग्रहाची उणीव भासते. मला मात्र या घरांचा पाहुणा होण्यात अधिक आनंद वाटतो, कारण तेथे ज्या हातांनी स्वयंपाक केला त्या हातांचा घासही माझ्याबरोबरच उचलला जातो.

संपादनाविषयी थोडेसे. निवेदकांची नावे गाळली आहेत, कारण घरच्या ताटाविषयी मोकळेपणाने बोललेले माणूस उद्या त्याच घरात अडचणीत येऊ नये. बोलींना प्रमाण भाषेचे वळण दिलेले नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोंकणी मिश्रित मराठी ज्या रूपात कानावर आली त्या रूपात ठेवली आहे, आणि पदार्थांची मापेही मूठ, चिमूट, ओंजळ, वाटी, मापटे अशीच राहू दिली आहेत. त्यांचे ग्रॅममध्ये रूपांतर केले असते तर पाककृती सोयीची झाली असती, पण सांगणारीचा हात त्यातून नाहीसा झाला असता. प्रकरणांचा क्रम लावताना पाहुण्यापासून आरंभ करण्याचा जुना रिवाज सोडून मागच्या पंगतीची निवेदने सर्वांच्या अगोदर घेतली आहेत. त्यानंतर खाणावळी, त्यानंतर घरचे स्वयंपाक, आणि लग्नकार्यांच्या पंगती सर्वांच्या शेवटी आहेत. हा क्रम काही वाचकांना उलटा वाटेल. तो मी जाणूनबुजून ठेवला आहे, आणि पुढील आवृत्ती निघाल्यास तो असाच राहावा, अशी प्रकाशकांना लेखी विनंती करून ठेवली आहे.